‘टेक’ची फ्रेझल व्हर्ब्ज : ‘घेणे’ बाजूला ठेवा, ‘काढणे’ आठवा

पाटीपेन्सिल

मंडळी, नमस्कार. बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला ऑफ, इन, अप असा छोटा शब्द जोडून नवा अर्थ देणाऱ्या जोड्या, आल्या की वर्गात सगळ्यांची पद्धत एकच. वहीत दोन रकाने आखायचे, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि घोकायचं. टेक आफ्टर, सारखे दिसणे. टेक इन, फसवणे. टेक ऑफ, उड्डाण करणे. मग उताऱ्यात वाक्य येतं, ‘अ फार्मर टुक देम इन ड्युरिंग द फ्लड’, आणि चांगली हुशार मुलंसुद्धा लिहून मोकळी होतात की पुराच्या वेळी एका शेतकऱ्याने त्यांना फसवलं. त्या शेतकऱ्याने तर त्यांना घरात आसरा दिलेला असतो.

या पाठांतराने मुलांचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे आज एकाच क्रियापदावर बोलू, ‘टेक’वर.

‘टेक म्हणजे घेणे’ हे आपल्या डोक्यात लहानपणीच बसतं. पण टेकच्या पुढे ऑफ, आउट किंवा डाउन आलं की मराठीतलं ‘घेणे’ कामाचं राहत नाही, तिथे ‘काढणे’ लागतं. बघा जुळवून. बूट काढ, टेक ऑफ युअर शूज. बँकेतून पैसे काढले, दात काढला, कर्ज काढलं, विमा काढला, या सगळ्याला टेक आउट. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, टुक डाउन. एक दिवस रजा काढली, टुक अ डे ऑफ. आणि मला सगळ्यांत आवडतं ते हे: साहेबावरचा राग त्याने घरच्यांवर काढला, ‘ही टुक इट आउट ऑन हिज फॅमिली’. मराठी माणसाला हे पाठ करायची गरजच नाही, ते त्याच्या तोंडात आधीपासून आहे. फक्त कुणी त्याला ‘काढणे’कडे बघायला सांगत नाही.

‘घेणे’ उपयोगी पडतं ते ऑन, अप आणि ओव्हरबरोबर. काम अंगावर घेतलं, टुक ऑन. नवीन माणूस कामावर घेतला, तोही टुक ऑन. एखाद्या बड्या धेंडाला शिंगावर घेतलं, तेही टुक ऑन. तिन्हीकडे आपल्याकडे ‘घेणे’ आणि ‘वर’ आहेच! चित्रकला हाती घेतली, टुक अप. कारखाना ताब्यात घेतला, टुक ओव्हर. जुन्या तहसीलदारांकडून नव्या तहसीलदारांनी चार्ज घेतला, टुक ओव्हर फ्रॉम.

तेव्हा रकाने आखण्याआधी दोन गोष्टी विचारा. पुढचं अव्यय कुठली हालचाल दाखवतं? आणि ती हालचाल कशाची होते आहे? ‘ऑफ’मध्ये चिकटलेलं किंवा टेकलेलं सुटतं: कपडा अंगावरून, झाकण डब्यावरून, विमान जमिनीवरून, दहा रुपये किमतीतून, नाव यादीतून, माणूस त्या दिवसापुरता कामातून. ‘इन’मध्ये बाहेरचं आत येतं. माणूस घरात आला तर आसरा. ऐकलेलं डोक्यात शिरलं तर आकलन. खोटं बोलणं आपण खरं मानून आत घेतलं तर फसवणूक, म्हणूनच ती बहुतेक वेळा ‘आय वॉज टेकन इन’ अशी कर्मणी रूपात भेटते.

तुमचे अनुभव सांगा. शंका असतील तर वाक्यासकट विचारा, सुट्या शब्दांचे अर्थ विचारू नका.

शिवणघडी

ताई, ‘काढणे’चं फार पटलं. ‘इन’मध्ये माझी एक भर. मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते, माझ्या काही गिऱ्हाईक बाहेरदेशी असतात. त्यांचे मेसेज येतात, ‘टेक इट इन ॲट द वेस्ट’. म्हणजे कमरेत टीप मारून कपडा आत घ्यायचा, घट्ट करायचा. उंची कमी करायची तर ‘टेक इट अप’. याच्या उलट जे आहे ते टेकने होत नाही, तिथे ‘लेट’ येतं. शिवणीतली माया सोडवून सैल करायचं ते लेट आउट, आणि खालची घडी उसवून उंची वाढवायची ते लेट डाउन. टेक इनच्या समोर लेट आउट आणि टेक अपच्या समोर लेट डाउन अशा जोड्या लावल्या की माझ्या शिकाऊ मुलींच्या एका बैठकीत लक्षात राहतं, कारण हातात कापड असतं.

कोकणकडा

लेख चांगला आहे, पण माझा मूळ आक्षेप आहे. हे सगळं हवंच कशाला? सरकारी पत्रव्यवहारात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे रिमूव्ह, विथड्रॉ, अझ्यूम चार्ज, एम्प्लॉय हे शब्द चालतात आणि त्यांचा अर्थ एकच असतो. टेक ऑफचे पाच अर्थ असतील तर तो शब्द पत्रात कोण वापरणार? आपण भारतीय एकमेकांशी ज्या इंग्रजीत बोलतो त्यात फ्रेझल व्हर्ब्ज कमी असतात आणि आपलं अडत नाही. परीक्षेत ती विचारतात म्हणून शिकायची, एवढंच.

दुसरं, तुमचं हालचालीचं सूत्र ‘टेक टू’ आणि ‘टेक आफ्टर’ला लावून दाखवा.

पाटीपेन्सिल

काका, पत्रात रिमूव्ह आणि विथड्रॉच लिहावं, याबद्दल दुमत नाही. पण लिहिणं वेगळं आणि समोरच्याचं कळणं वेगळं. समोरचा माणूस इंग्रजी घरात बोलत वाढलेला असेल तर तो बोलताना रिमूव्ह म्हणणार नाही. आपल्या शाळांत इंग्रजी पुस्तकातून आलं, म्हणून आपल्याला लॅटिन वळणाचे भारदस्त शब्द आधी भेटतात आणि साधे नंतर. तिकडच्या मुलाला ‘टेक युअर शूज ऑफ’ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळतं, ‘रिमूव्ह’ बऱ्याच नंतर. आपल्या मुलांचा प्रवास उलटा होतो, आणि मग त्यांना अवघड लेख समजतो पण साधं संभाषण निसटतं.

टेक टू आणि टेक आफ्टर सूत्रात सहज बसत नाहीत, हे खरं. ती वाक्यांतूनच शिकावी लागतात. पण तिथेही दोन रकाने उपयोगाचे नाहीत. ‘टेक आफ्टर’ला ‘सारखे दिसणे’ लिहिलं की मुलं ‘धिस मोबाइल टेक्स आफ्टर दॅट मोबाइल’ म्हणतात. मराठीत आपण म्हणतो ना, मुलगी आजीच्या वळणावर गेली आहे? टेक आफ्टर म्हणजे तेच वळणावर जाणं. घराण्यातल्या वडीलधाऱ्या माणसाच्याच वळणावर जाता येतं. आई मुलीच्या वळणावर जात नाही, आणि मित्र मित्राच्याही नाही. दिसणं, स्वभाव, चालण्याची ढब, सगळं त्यात येतं.

टेक टूमध्ये ‘लागणे’ बघा. बाळाला नव्या मावशीचा लळा लागला, ‘द बेबी टुक टू हर’. तो दारूला लागला, ‘ही टुक टू ड्रिंक’. आजोबांनी अंथरूण धरलं, ‘ही टुक टू हिज बेड’. लोक रस्त्यावर उतरले, ‘पीपल टुक टू द स्ट्रीट्स’. माणूस एखाद्या गोष्टीकडे वळतो आणि तिथेच राहतो, एवढा धागा चारही वाक्यांत दिसतो.

वेदपाठी

हा विषय संस्कृतवाल्यांच्या घरचा आहे, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्या बऱ्याच जणांना हा श्लोक पाठ असेल:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो. ‘हृ’ या एका धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार होतात, आणि त्यांतले बहुतेक आपण रोज वापरतो. ‘हृ’चा मूळ अर्थही नेणे, हरण करणे असा, म्हणजे टेकच्या अगदी शेजारचा. आहाराचा आणि संहाराचा एकमेकांशी संबंध काय, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. मग टेक इनमध्ये आसरा आणि फसवणूक शेजारी बसली तर बिचकायचं कशाला?

यापेक्षा महत्त्वाचं पुढे आहे. लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी येतो आणि त्याला चिकटतो. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘ते प्राग्धातोः’. पण लगेच पुढची दोन सूत्रं वेदांसाठी मोकळीक देतात: ‘छन्दसि परेऽपि’ आणि ‘व्यवहिताश्च’. म्हणजे वेदांत उपसर्ग धातूच्या नंतरही येऊ शकतो, आणि दोघांच्या मध्ये इतर शब्दही येऊ शकतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ‘उप त्वाग्ने दिवेदिवे’ मध्ये ‘उप’ सुरुवातीला आहे आणि त्याचं क्रियापद ‘एमसि’ ऋचेच्या अगदी शेवटी. ‘टेक युअर वेट शूज ऑफ’ मधला ऑफ जसा टेकपासून दूर जाऊन बसतो, तसंच हे. इंग्रजी काहीतरी विक्षिप्त करते आहे असं समजणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

थेम्सकाठी

वेदपाठी, सुंदर. इंग्रजीच्या बाजूने थोडा इतिहास जोडतो.

‘टेक’ हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात व्हायकिंग येऊन स्थायिक झाले, त्यांच्या नॉर्स भाषेतलं ‘टाका’ हे क्रियापद इंग्रजीत आलं. त्याआधी जुन्या इंग्रजीत घेणे यासाठी ‘निमन’ होतं. ते हळूहळू मागे पडलं. आज त्याची खूण उरली आहे ती ‘नम’ म्हणजे बधिर या शब्दात: ज्याची संवेदना घेतली गेली आहे तो. जुन्या इंग्रजीतही उपसर्ग क्रियापदाच्या आधी चिकटायचे. ते मागे पडत गेले आणि क्रियापदानंतर येणारी सुटी अव्ययं वाढत गेली. ओव्हरटेक आणि टेक ओव्हर शेजारी ठेवून बघा. दोन्हींतले तुकडे तेच, पण एकात ‘ओव्हर’ आधी चिकटलं आहे आणि अर्थ मागे टाकणे, दुसऱ्यात सुटं राहिलं आहे आणि अर्थ ताबा घेणे.

परक्यांना हे जड जातं, ही तक्रारही जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट म्हटलं आहे की क्रियापदाला पुढे अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परदेशी लोकांना सर्वांत अवघड जाते. तिथे त्याने जी उदाहरणं दिली आहेत त्यांत टेक ऑफ आहे, आणि त्याचा अर्थ उड्डाण नव्हे, नक्कल करणे. विमानं तेव्हा कुठे होती! ब्रिटिश इंग्रजीत नकलेचा हा अर्थ अजून चालतो. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र अलीकडचं आहे. १९२५ साली लोगन पिअर्सल स्मिथने ते छापील पुस्तकात वापरलं, आणि ते हेन्री ब्रॅडलीने सुचवल्याचं नोंदवलं. ब्रॅडली ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे एक संपादक.

आणि ‘टेकन अबॅक’. हा जहाजावरचा शब्द आहे. वारा अचानक समोरून आला की शीड मागे डोलकाठीवर दाबलं जातं आणि जहाज जागीच अडतं. त्यावरून माणूस अवाक् होणं, पुढचं पाऊल न सुचणं. कोकणातल्या मंडळींना हे चित्र पटकन दिसेल.

हिरवीफाईल

मी पुण्यात जर्मन शिकते आहे. ‘निमन’ वाचून एकदम लक्षात आलं, जर्मनमध्ये ते ‘नेमेन’ म्हणून अजून जिवंत आहे! आणि तिथेही आबनेमेन म्हणजे टेक ऑफ, युबरनेमेन म्हणजे टेक ओव्हर. आबनेमेनचा ‘आब’ साध्या वाक्यात तुटून पार शेवटी जातो, पण युबरनेमेनचा ‘युबर’ कधीच तुटत नाही. इंग्रजीत कुठलं तुटतं आणि कुठलं नाही, याला काही नियम आहे का?

पाटीपेन्सिल

आहे, आणि इथेच आपली मुलं सर्वांत जास्त गुण घालवतात.

ज्या जोडीत अव्यय खरोखर हालचाल दाखवतं तिथे कर्म मध्ये येऊ शकतं. ‘टेक ऑफ युअर शूज’ आणि ‘टेक युअर शूज ऑफ’, दोन्ही बरोबर. पण कर्माच्या जागी इट, देम, हिम, हर असं सर्वनाम आलं की ते मध्येच यायला हवं. ‘टेक देम ऑफ’ बरोबर, ‘टेक ऑफ देम’ चूक. मराठीत ‘ते काढ’ म्हणताना कर्म क्रियापदाच्या आधी येतं, म्हणून मधली जागा आपल्या लक्षातच येत नाही. कर्म लांबलचक असेल तर मात्र ते शेवटी टाकलेलं बरं: ‘टेक ऑफ द शूज यू बॉट यस्टर्डे’.

टेक आफ्टर आणि टेक टूमध्ये पुढचा शब्द त्याच्या नंतर येणाऱ्या नामाला जोडलेला असतो, म्हणून तिथे मध्ये काही घालायचं नाही. ‘शी टेक्स आफ्टर हर’, कधीही ‘टेक्स हर आफ्टर’ नाही.

कानाने ओळखायचं तर आघात ऐका. ‘टेक इट ऑफ’ म्हणताना जोर ऑफवर पडतो. ‘टेक टू इट’ म्हणताना जोर टेकवर पडतो आणि टू दबून जातो. याच शब्दांचं नाम झालं की जोर आधीच्या शब्दावर सरकतो: द प्लेन टेक्स ऑफ यात ऑफवर, पण टेकऑफ या नामात टेकवर. टेकओव्हर आणि टेकअवे तसेच. आणि हो, आपण आणि ब्रिटिश ज्याला टेकअवे म्हणतो त्याला अमेरिकेत टेकआउट म्हणतात, तेव्हा तिकडच्या नातेवाइकांशी बोलताना गोंधळू नका.

रात्रपाळी

मी इंग्लंडमध्ये एका वॉर्डात नर्स आहे. कोकणकडा काकांच्या मुद्द्यावर लिहिते.

इथे येण्याआधी मी ओईटीचा, म्हणजे डॉक्टर-नर्ससाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेचा, अभ्यास मन लावून केला. रोगांची नावं, औषधं, सगळं येत होतं. अडलं ते पेशंटच्या साध्या बोलण्यापाशी. आजी म्हणायच्या, ‘दे टुक मी ऑफ द टॅब्लेट्स’. यात ‘मी’ हे कर्म आहे. डॉक्टरांनी गोळ्यांवरून माणसाला काढलं, म्हणजे त्या गोळ्या बंद केल्या. उलट ‘पुट मी ऑन’ म्हणजे सुरू केल्या. आता समजा हे वाक्य नीट न ऐकता कुणी गोळी दिली तर? हा शब्द परीक्षेपुरता नाही हो.

दुसरं वाक्य तर नेहमीचं: ‘आय डिडंट टेक इन अ वर्ड’. डॉक्टर सगळं सांगून गेले, पण घाबरल्यामुळे काहीच डोक्यात शिरलं नाही. हे कळलं की मी बाजूला बसते आणि पुन्हा सगळं समजावून सांगते. मराठीत आपल्या आईवडिलांचंही असंच होतं, पण ते ‘काही कळलं नाही बाई’ म्हणतात आणि आपल्याला लगेच समजतं.

‘टेक द स्टिचेस आउट’, टाके काढणे. पाटीपेन्सिल ताई, तुमचं ‘काढणे’ वॉर्डात रोज भेटतं. टाके काढले, नळी काढली, पट्टी काढली. आत होतं ते आउट, वर होतं ते ऑफ. टाके आणि नळी आउट, पट्टी ऑफ. एवढं ध्यानात ठेवलं की चुकत नाही. फाइलमध्ये लिहिताना मात्र आम्हीही रिमूव्ह्ड, डिस्कंटिन्यूड असंच लिहितो, तिथे काकांचं बरोबर आहे.

कोकणकडा

रात्रपाळी, गोळ्यांचं उदाहरण वाचून माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. लिहिण्याबाबत कायम आहे. बोलणाऱ्याचं कळलंच पाहिजे, हे मान्य.

माझ्याकडेही एक गोष्ट कामाची आहे, टेकची नसली तरी इथे सांगतो. आपण ‘बैठक पुढे ढकलली’ म्हणतो तेव्हा ती उशिरा होते. इंग्रजीत ‘ब्रॉट फॉरवर्ड’ किंवा ‘पुट फॉरवर्ड’ म्हटलं की ती आधीच्या तारखेला येते. शब्द तोच, पुढे, आणि दिशा उलटी! परदेशी कार्यालयाशी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी तारीख लिहूनच घ्यावी. आपला ‘प्रीपोन’ या गोंधळातून वाचवतो, म्हणून मला तो शब्द चांगला वाटतो. तो आता इंग्रजी कोशांतही आहे.

पहाटवाट

ताई, मी परीक्षेची तयारी करतो आहे. धागा वाचून वाक्यं केली आहेत, तपासून द्याल का?

शी टेक्स आफ्टर हर यंगर सिस्टर.
द न्यू क्लार्क टुक ओव्हर फ्रॉम मिस्टर पाटील.
आय टुक अप विथ द मॅनेजर अबाउट माय सॅलरी.
प्लीज टेक डाउन माय नंबर.
ही टुक इट हिज अँगर आउट ऑन द वॉचमन.

पाटीपेन्सिल

दुसरं आणि चौथं अगदी बरोबर. चौथ्यात टेक डाउन म्हणजे उतरवून घेणे, छान पकडलंस.

पहिलं बदल. वडीलधाऱ्या रक्ताच्या नात्यातलं माणूस हवं: हर मदर, हर आत्या, हर ग्रँडफादर. बहिणीसाठी ‘शी लुक्स लाइक हर सिस्टर’ म्हण.

तिसऱ्यात एक ‘इट’ राहिला आणि अर्थ कुठल्या कुठे गेला. ‘टेक अप विथ समवन’ म्हणजे एखाद्याची संगत धरणे, आणि ती बहुधा बरी नसलेली संगत. तुला पगाराचा विषय साहेबांपुढे मांडायचा आहे, म्हणून ‘आय टुक इट अप विथ द मॅनेजर’. किंवा ‘इट’च्या जागी विषयच घाल: ‘आय टुक द सॅलरी इश्यू अप विथ द मॅनेजर’.

पाचव्यात उलट ‘इट’ जास्त झाला. तिथे ‘इट’ म्हणजेच राग. तो उघड बोलायचा असेल तर ‘इट’ काढून टाक: ‘ही टुक हिज अँगर आउट ऑन द वॉचमन’. नाव घ्यायचं नसेल तर ‘ही टुक इट आउट ऑन द वॉचमन’, आणि बोलताना हेच जास्त ऐकू येतं. मराठीत राग हा शब्द गाळता येत नाही, नुसतं ‘वॉचमनवर काढलं’ म्हटलं तर ऐकणारा काय काढलं म्हणून विचारेल. इंग्रजीत तो प्रश्न येत नाही.